वाळवंटातलं लेकरू कुणाचं?

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



आज फाल्गुन वद्य षष्ठी, नाथषष्ठी. याच तिथीला एकनाथ महाराजांनी पैठणला गोदावरीत देह ठेवला, आणि त्यांचे सद्गुरू जनार्दनस्वामी यांचं स्मरणही आपण याच दिवशी करतो. आज प्रत्येक केंद्रावर नाथांच्या गोष्टी निघतील. तहानलेल्या गाढवाला कावडीतलं गंगेचं पाणी पाजल्याची निघेल, आणि वाळवंटातल्या लेकराची तर निघेलच. आज तिच्याविषयीच थोडं बोलायचं आहे.

गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, तरी पुन्हा सांगतो. भर दुपारची वेळ. गोदावरीचं वाळवंट तव्यासारखं तापलेलं. नाथ स्नानसंध्या आटोपून परत निघाले होते. एक बाई पाण्याला पुढे गेली होती आणि तिच्या मागे धावत सुटलेलं तिचं लहान पोर वाटेतच वाळूत अडकून पडलं होतं. पाय भाजताहेत, नाका-डोळ्यांतून पाणी वाहतंय, रडून रडून घसा बसलाय. पोर होतं अशा घरचं, की ज्या घरच्या माणसांची सावलीसुद्धा त्या काळी अंगावर पडू देत नसत. नाथांनी त्याला उचललं, कडेवर घेतलं, नाक-तोंड पुसलं आणि त्याच्या घरी नेऊन आईबापांच्या हातात दिलं.

एवढीच गोष्ट. आपण ती ऐकतो, डोळ्यांत पाणी येतं, मग आरती होते, मग महाप्रसाद. पण गेल्या नाथषष्ठीला आमच्या केंद्रावर जे घडलं, त्यानंतर ही गोष्ट आम्हाला पूर्वीसारखी सांगता येत नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

*फाटकाशी आलेली बाई*

आमचं केंद्र निपाणी-चिकोडी पट्ट्यातलं. हॉलच्या मागच्या अंगाला आपल्याच एका साधकाचा ऊस आहे. गेल्या वर्षी हंगामाचे शेवटचे दिवस होते, टोळी तोडणीला लागली होती. सकाळचे अकरा वाजून गेले असतील. हॉल भरलेला, चार कूलर चालू, दारात गार पाण्याचे जार. आत हीच गोष्ट चालली होती.

टोळीतली एक बाई फाटकाशी आली. लुगड्यावर नवऱ्याचा जुना शर्ट, डोक्याला फडकं, हातात रिकामी कळशी. फाटकावरच्या सेवेकऱ्याने तिला सांगितलं, "मावशी, प्रवचन चाललंय. संपल्यावर या, महाप्रसाद पण घेऊन जा." बोलला तो गोडच. ती काही न बोलता परत गेली.

तिचं चार वर्षांचं पोर ट्रॉलीच्या सावलीत निजवलेलं होतं. सूर्य वर आला तशी सावली सरकली आणि पोर उन्हात आलं, हे तोडणीच्या घाईत कुणाच्या लक्षात आलं नाही. दोन उलट्या झाल्या होत्या, अंग चटके बसावेत असं तापलं होतं आणि घाम येईनासा झाला होता.

आम्हाला हे कळलं पंगत बसल्यावर. आपल्या एका साधकाची सातवीतली मुलगी हात धुवायला मागे गेली होती, ती धावत येऊन सांगू लागली. मग मात्र सगळे उठले. गाडी काढली, पोराला ओल्या फडक्यात गुंडाळून सरकारी दवाखान्यात नेलं. सलाईन लागलं. दोन दिवसांनी पोर बरं होऊन परत आलं, ही सद्गुरूंची कृपा. पण त्या संध्याकाळी त्या मुलीने सगळ्यांसमोर विचारलं, "ती बाई पाणी मागायला आली होती, हे फाटकावर माहीत होतं ना?"

उत्तर कुणापाशी नव्हतं. फाटकावर कोण होतं ते आम्ही सांगणार नाही. त्याचा दोष नाही. प्रवचनाच्या वेळी फाटक बंद, हा नियम आम्हीच केलेला होता. आत आम्ही नाथांचं लेकरू उचलत होतो आणि बाहेर खरं लेकरू तापत होतं.

नंतर त्या माउलीला गाव विचारलं. गेवराई तालुका, गोदाकाठ. नदी ओलांडली की पैठण तालुका. म्हणजे बघा, नाथांच्याच गोदावरीकाठचं लेकरू, नाथांच्याच दिवशी, आमच्या दारात.

*ते लेकरू इथवर आलं कसं?*

बेळगाव, कोल्हापूर, सांगली भागातल्या मंडळींना हे रोजचं दृश्य आहे, पण इंदूर-बडोद्याच्या साधकांसाठी सांगतो. बीड आणि आसपासच्या कोरडवाहू भागातून दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला लाखो माणसं ऊसतोडीला बाहेर पडतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायला पाच-सहा महिने फडातच राहायचं. पाचटाच्या नाहीतर ताडपत्रीच्या कोपीत संसार. पहाटे अंधारात तोड सुरू होते. घरी सांभाळायला कुणी नसलं की मुलं बरोबर येतात. थोरली मुलगी धाकट्याला सांभाळते, म्हणजे तिची शाळा गेली. दिवाळीला सुटलेली शाळा पाडव्याला हाती लागते, तोवर वर्ष सरलेलं असतं.

ते का येतात? जमीन थोडी, पाऊस बेभरवशाचा. मराठवाड्यात दुष्काळ नवा नाही. १९७२ चा दुष्काळ आठवणारी माणसं आपल्या सत्संगात आहेत. पण आता दोन वर्षं कोरडी आणि मग एकाच आठवड्यात सगळं वाहून नेणारा पाऊस, अशी तऱ्हा वाढली आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, हे आपण टीव्हीवर पाहिलं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९५० ते २०१५ या काळातल्या नोंदी तपासल्या आणि २०१७ मध्ये मांडलं की, मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना या काळात तिप्पट झाल्या. भारतीय हवामान विभागाच्या १९०१ पासूनच्या नोंदींत २०२४ हे सगळ्यात उष्ण वर्ष ठरलं.

एखाद्या दिवसाच्या उन्हाकडे बोट दाखवून हे हवामानबदलामुळेच, असं आम्ही म्हणत नाही. ऊन पूर्वीही होतं, नाथांच्या काळीही वाळू तापतच होती. पण कोळसा आणि तेल जाळून माणसाने पृथ्वीभोवती जी गोधडी विणली आहे, तिने ही वाळू आणखी तापवली आहे. विणणारे हात कुणाचे? ज्यांच्या घरी गाडी आहे, कारखाना आहे, कूलर आहे, एसी आहे, त्यांचे. आपलेही. आणि चटके पहिल्यांदा कुणाला? ज्याने अजून काहीच जाळलेलं नाही, त्या चार वर्षांच्या पोराला.

शिवाय लहान मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. वजनाच्या मानाने त्याच्या अंगाची कातडी जास्त, म्हणून बाहेरची उष्णता त्याला लवकर चढते. त्याला घाम कमी येतो, म्हणून ती लवकर उतरत नाही. वजनाच्या मानाने त्याला पाणी जास्त लागतं आणि श्वासही तो आपल्यापेक्षा भराभर घेतो, म्हणजे धूळ आणि धूरही जास्त आत घेतो. आणि मुख्य म्हणजे, तहान लागली तर उठून पाणी आणणं, ऊन लागलं तर जागा बदलणं, पूर आला तर गाव सोडणं, यातलं काहीच त्याच्या हातात नसतं. त्याला निजवलं तिथे ते निजतं.

*प्रत्येक केंद्राच्या दारात*

हे उसाच्या पट्ट्यापुरतं आहे असं कुणी समजू नये. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, वेदगंगा, दूधगंगा, घटप्रभा, मलप्रभा सगळ्याच फुगल्या. कोल्हापूर, सांगली आणि बेळगाव जिल्ह्यांत गावंच्या गावं पाण्यात गेली. आमच्या गावात त्या वेळी पूरग्रस्तांची सोय कुठे झाली? मराठी शाळेत. तीन आठवडे वर्ग भरले नाहीत. आपला हॉल तेव्हा नवा होता, फरशी नुकतीच बसवली होती, "चिखलाने खराब होईल" असं ठरलं आणि कुलूप तसंच राहिलं. आम्ही चादरी वाटल्या, खिचडी वाटली, फोटोही काढले. पण मुलांची शाळा बंद ठेवून आपली फरशी राखली, हे तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही.

बडोद्याच्या साधकांनी जुलै २०१९ च्या शेवटी आणि पुन्हा ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री घरात आलेली पाहिली. हैदराबादकरांना ऑक्टोबर २०२० ची ती रात्र आठवत असेल. गोव्यात मार्च २०२३ मध्ये उष्णतेच्या इशाऱ्यामुळे शाळा दुपार व्हायच्या आत सोडाव्या लागल्या, आणि त्याच दिवसांत म्हादईच्या जंगलात वणवे पेटलेले होते. ग्वाल्हेरच्या मे महिन्याविषयी तर बोलायलाच नको. पत्र्याच्या छपराखालचा वर्ग कसा तापतो ते आपल्या शिक्षिका भगिनींना विचारा.

म्हणजे कुठे शाळा बुडते, कुठे शाळा तापते, आणि कुठे मूलच शाळेपासून दोन-तीनशे किलोमीटर दूर फडात असतं. काही घरी तर दुष्काळाच्या वर्षी मुलीचं लग्न लवकर उरकतात, कारण जोडी झाली की कोयता होतो आणि कोयता झाला की उचल मिळते. आभाळात बदल होतो आणि त्याचा हिशेब शेवटी एका मुलीच्या दप्तरातून वसूल होतो, तो असा.

*दया की देणं?*

आता मुद्द्याची गोष्ट. आपण साधक मंडळी दयाळू आहोत. अन्नदान करतो, वह्या वाटतो, गरम कपडे देतो. चांगलंच आहे. पण दया देणाऱ्याच्या मनावर असते. आज दिली, उद्या नाही दिली, तर कुणी विचारायला येत नाही. हक्क तसा नसतो. हक्क मागणाऱ्याचा असतो आणि पलीकडच्या टोकाला आपण देणेकरी असतो. त्या बाईने पाणी मागितलं तेव्हा आम्ही मनात म्हटलं, संपल्यावर देऊ. ही दयेची भाषा झाली. देणेकऱ्याला असं म्हणता येत नाही.

मुलाचे हक्क म्हणजे काही परदेशी फॅड आहे असं काहींना वाटतं. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार १९८९ मध्ये झाला आणि १९९२ मध्ये भारताने तो स्वीकारला. जगण्याचा, वाढण्याचा, संरक्षणाचा आणि आपलं म्हणणं मांडण्याचा, असे त्यातले हक्क ढोबळमानाने चार प्रकारचे. २०२३ मध्ये त्या कराराच्या समितीने १२१ देशांतल्या मुलांचं म्हणणं ऐकून घेऊन स्पष्ट केलं की, स्वच्छ आणि निरोगी पर्यावरण हा मुलांचा हक्क आहे आणि हवामानबदलापासून मुलांना जपणं हे सरकारांचं कर्तव्य आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये माळढोक पक्ष्याच्या खटल्यात निकाल देताना सांगितलं की, हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहणं हा घटनेच्या कलम १४ आणि २१ मधून येणारा हक्क आहे. एका पाखराच्या निमित्ताने ही गोष्ट कायद्यात आली, हेही दत्तभक्तांना लक्षात ठेवण्यासारखं. दत्तात्रेयांच्या चोवीस गुरूंत पाखरं आहेतच.

हरिद्वारची रिद्धिमा पांडे ही मुलगी नऊ वर्षांची असताना, २०१७ मध्ये, सरकार हवामानाबाबत पुरेसं करत नाही म्हणून राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. २०१९ मध्ये तिचा अर्ज निकाली काढला गेला, तिला हवं ते मिळालं नाही. पण नऊ वर्षांच्या मुलीने दार ठोठावलं हे खरं. आमच्या सातवीतल्या मुलीने विचारलेला प्रश्न त्याच जातीचा होता. मुलांचं म्हणणं ऐकून घ्यावं, एवढा हक्क तरी त्यांना आपल्या सत्संगात आहे का, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावं.

आणि आपल्या परंपरेला हे नवं नाही. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण अशी तीन ऋणं घेऊन माणूस जन्माला येतो, असं आपण मानतो. यातलं पितृऋण कसं फिटतं? पूर्वजांना परत काही देता येत नाही, ते तर गेले. तर्पण करतो ते स्मरणासाठी. पण शास्त्राने सांगितलं आहे की पितृऋण संततीच्या द्वारे फिटतं. म्हणजे मागच्यांकडून घेतलेलं पुढच्यांना द्यायचं. पूर्वजांनी आपल्याला नद्या दिल्या, विहिरी दिल्या, देवराया दिल्या, ऋतू दिले. ते तसंच पुढे पोचवायचं होतं. आपण मधल्या मध्ये खर्च करून टाकलं. पितृपक्षात कावळ्याला घास ठेवायचा आणि लेकराच्या वाट्याचं पाणी संपवायचं, याला ऋण फेडणं म्हणत नाहीत.

कुणी म्हणेल, संतती म्हणजे आपली संतती. इथेच नाथ आडवे येतात. त्यांनी उचललेलं पोर त्यांचं नव्हतं.

*चार आडकाठ्या*

मागचं वर्षभर आम्ही यावर बोलतोय. चार गोष्टी पुन्हा पुन्हा ऐकल्या. त्यातल्या काही आम्हीच बोललो होतो.

पहिली, "ज्याचं त्याचं प्रारब्ध." प्रारब्धाचा विचार स्वतःपुरता करावा, त्याने अहंकार गळतो. दुसऱ्याच्या लेकरावर तो लावला की त्याची ढाल होते. नाथांना प्रारब्ध ठाऊक नव्हतं का? पण त्यांनी आधी पोर उचललं. त्या पोराचं प्रारब्ध काय, ते देव जाणे. आपल्या समोर पोर आलं, हे मात्र आपलं प्रारब्ध. त्याचं काय केलं ते आपल्या खात्यावर लिहिलं जातं.

दुसरी, "आईबापांनी मुलांना आणूच नये." खरं आहे, कोणत्या आईला हौस असते? पण घरी आजी नाही, खायला नाही, तर मुलाला ठेवायचं कुठे? आणि तोडलेला ऊस कुणाच्या रानातला? आपल्या पट्ट्यातल्या कितीतरी साधकांच्या घरी उसाचा पैसा येतो. त्याच पैशातून देणगी येते आणि त्याच देणगीतून हॉल उभा राहिला. त्या फरशीच्या किमतीत त्या पोराच्या आईचा घाम आहे. मग तिला आपण परकी कसं म्हणायचं?

तिसरी, "हे सरकारचं काम आहे." आहेच. ते करवून घेण्यासाठी विचारत राहणं हेही आपलं काम आहे. पण सरकार फाटकावर उभं नव्हतं, आपण होतो.

चौथी, "आपण एवढेसे, आपल्याने पृथ्वी थोडीच गार होणार?" नाही होणार. नाथांनीही सगळं वाळवंट गार केलं नाही. त्यांनी एक पोर उचललं. पण एवढं मात्र खरं, की त्यांनी उचललेलं पोर पुन्हा तापल्या वाळूत ठेवलं नाही, घरी पोचवलं. आपण एका हाताने उचलतो आणि दुसऱ्या हाताने वाळू तापवत राहतो, असं व्हायला नको. म्हणून दोन्ही करायचं.

*ठरलं ते*

मंडळात वाद झाले, ते लपवत नाही. "हॉल मळेल, सोवळं राहणार नाही, मुलं गोंगाट करतील" असं ज्येष्ठांनी म्हटलं. शेवटी एक वयस्क काकू म्हणाल्या, "नाथांनी स्नान करून आल्यावर शेंबडं पोर कडेवर घेतलं, आणि आपल्याला फरशीची काळजी." त्यावर कुणी बोललं नाही. आमच्या केंद्रापुरतं ठरलं ते असं. इतर केंद्रांनी आपापल्या परिस्थितीप्रमाणे पाहावं.

१. फाटकाचा नियम बदलला. पाणी मागायला आलेल्याला प्रवचन चालू असलं तरी थांबवायचं नाही. फाटकाबाहेर सावलीत माठ आणि मीठ-साखरेच्या पाण्याची सोय वर्षभर राहील.

२. दिवाळीपासून पाडव्यापर्यंत, जोवर टोळ्या आहेत तोवर, हॉल सकाळी आठ ते पाच तोडणी कामगारांच्या मुलांसाठी उघडा. दोन भगिनी आळीपाळीने थांबतील. लहानग्यांची झोप, मोठ्यांचा अभ्यास. अंगणवाडीताईंशी बोलणं झालं आहे. सहा महिने ते सहा वर्षं वयाच्या मुलाला अंगणवाडीतून आहार मिळणं हा २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने दिलेला हक्क आहे, मूल मूळचं कुठलंही असो.

३. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना जवळच्या शाळेत बसवायचं. आपल्या भागात सरकारी मराठी शाळा आहेत, त्यामुळे भाषेची अडचण नाही. दाखला नाही, जन्माचा पुरावा नाही, वर्ष अर्धं गेलं, यातल्या कोणत्याही कारणाने शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, असं शिक्षण हक्क कायदा सांगतो. आपल्या साधकांत निवृत्त शिक्षक बरेच आहेत, त्यांनी पालकांबरोबर शाळेत जायचं. मुलं गावी परतताना इथल्या हजेरीचा कागद हातात द्यायचा. महाराष्ट्रात यासाठी शिक्षण हमी पत्रकाची पद्धत आहे, त्याची चौकशी करायची.

४. ऊस लावणाऱ्या साधकांनी आपल्या फडात सावलीचं छप्पर आणि पिण्याच्या पाण्याची टाकी द्यायची. मार्च लागला की दुपारी तोड थांबवण्याचं मुकादमाशी आधीच ठरवायचं. पाचट पेटवायचं नाही, कुजवायचं. मुलांच्या छातीत धूर जाणार नाही आणि जमिनीलाही खत मिळेल.

५. पूर आला तर पहिलं उघडायचं ते आपल्या हॉलचं कुलूप. शाळा शक्यतो शाळेसाठी राहू द्यायची.

६. उन्हाळ्यातले उत्सव सकाळी लवकर किंवा संध्याकाळी. भर दुपारी मुलांच्या पालख्या, लेझीम नको. पंगतीला पत्रावळ किंवा ताट, थर्माकोल नाही. दिवसभराचा जनरेटर बंद. झाडं लावायची ती फोटोसाठी नव्हे. शाळेच्या आणि अंगणवाडीच्या दक्षिण-पश्चिमेला, जिथे दुपारची सावली वर्गावर पडेल तिथे कडुनिंब, करंज, पिंपळ लावायचे आणि तीन उन्हाळे पाणी घालायचं.

७. कुठे लहान मुलीचं लग्न ठरतंय असं कानावर आलं, तर गप्प बसायचं नाही. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक आहे, तो प्रत्येक घरात भिंतीवर लावावा.

इंदूर, हैदराबाद, बडोद्याच्या साधकांच्या आसपास ऊस नाही, पण बांधकामं आहेत. आपल्या नव्या फ्लॅटच्या खाली वाळूच्या ढिगावर खेळणारं पोर कुणाचं आहे, दुपारी ते कुठे निजतं, शाळेत जातं का, एवढं तरी एकदा खाली उतरून विचारावं. ढीग वाळूचाच आहे. नाथांच्या गोष्टीतलीच वाळू समजा.

*शेवटी*

गेल्या दिवाळीपासून हॉल उघडा आहे. कधी सहा मुलं असतात, कधी पंधरा. भिंतीवर खडूने चित्रं निघाली आहेत, फरशीवर डाग पडले आहेत. आरतीच्या वेळी मुलं टाळ वाजवतात, ताल चुकतो. सुरुवातीला ज्यांनी विरोध केला होता, त्यातले एक काका आता रोज पाढे घेतात. तीन मुलं शाळेत बसली, दोन मध्येच गेली, कारण टोळी दुसऱ्या फडाला हलली. सगळं जमलं असं नाही. जमत आहे तेवढं करतो आहोत.

ती गेवराईची माउली मात्र यंदा आमच्या फडात आली नाही. कुठल्या कारखान्याला गेली, पोर बरोबर आहे का, काही कळलं नाही. टोळीतल्यांना विचारलं, मुकादमाला विचारलं. तिची क्षमा मागायची राहिली आहे. ती जिथे असेल तिथे कुणीतरी तिच्या कळशीत पाणी घालो, अशी दत्तचरणी प्रार्थना. आणि ते "कुणीतरी" आपल्या केंद्रांपैकीच एखादं असेल, तर आमचं थोडंसं देणं तिथे फिटेल.

आज गोष्ट सांगून झाली की सगळ्यांनी आरतीआधी दोन मिनिटं उठावं आणि आपल्या केंद्राच्या मागच्या बाजूला एक फेरी मारून यावी. तिथे कोण आहे ते पाहावं. मग आरती करावी. देव थांबतो, ऊन थांबत नाही.

सर्वांचं कल्याण होवो. लेकरांचं आधी होवो.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥

आपले,
सेवेकरी मंडळ

(हा संदेश आपापल्या केंद्राच्या गटात वाचून दाखवावा. फडात, बांधकामावर किंवा पूरग्रस्त भागात मुलांसाठी जे काही केलं जाईल ते दर अमावास्येला कळवावं. नावं आणि मुलांचे फोटो पाठवू नयेत, काम सांगावं.)